आवाज नेमका कुठे वाढतो?

जुना स्टीरिओ काढून नवा बसवला. पडदा उजळला, मोबाइल ब्लूटूथने जोडला गेला, गाणं सुरू झाल्याचं पडद्यावर दिसतंय, सेकंदही सरकताहेत. पण स्पीकर चकार शब्द काढत नाहीत. कारच्या ॲक्सेसरीजची दुकानं चालवणाऱ्यांच्या हे चांगलंच परिचयाचं आहे. पहिला संशय नव्या सेटवर जातो. दुकानदार सेट बदलून देतो, तरी तीच गत. मग स्पीकर तपासले जातात, फ्यूज पाहिले जातात. सगळं ठणठणीत असतं. या धावपळीत एका डब्याचा विचार कुणी केलेला नसतो. सीटखाली, डिकीतल्या बाजूच्या पॅनेलमागे किंवा ग्लोव्ह बॉक्सच्या आत कंपनीने तो बसवलेला असतो आणि गाडी घेतल्यापासून मालकाने तो कधी पाहिलेला नसतो. तो असतो कंपनीचा ॲम्प्लिफायर. त्याला जागं करणारी तार जोडायची राहून गेलेली असते.

अशा गाडीत स्टीरिओ बदलणं अवघड नाही, पण त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हवं: व्हॉल्यूमचं बटण फिरवल्यावर आवाज प्रत्यक्षात कुठे वाढतो? डॅशबोर्डवरच्या सेटमध्ये, की त्या लपलेल्या डब्यात? कोणता कपलर (तारांचा प्लग) लागेल, किती खर्च येईल, मुळात सेट बदलावा की नाही, हे सगळं या एका उत्तरावर ठरतं. अनेक जण सेटचा पडदा किती इंची आणि रॅम किती यावर तासन्‌तास घालवतात आणि हा प्रश्न विचारायचाच राहतो. माझ्या मते सेट निवडायच्याही आधी याचा छडा लावायला हवा.

हा वेगळा डबा कंपन्यांना का लागला, ते आधी पाहू. गाडीच्या विजेची एक मर्यादा आहे. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 14.4 व्होल्ट मिळतात. साध्या स्टीरिओला एवढ्यातच भागवावं लागतं. स्पीकरच्या दोन्ही टोकांना एकमेकांविरुद्ध ढकलणारं ब्रिज पद्धतीचं सर्किट वापरलं, तर 4 ओहमच्या स्पीकरवर जास्तीत जास्त 14.4 व्होल्टचा झोका मिळतो. संगीताच्या साध्या लहरीसाठी याचा परिणामकारक व्होल्टेज सुमारे 10.2 भरतो. त्याचा वर्ग करून 4 ने भागला की 26 वॉट येतात, आणि ट्रान्झिस्टरमध्ये होणारी घट वजा केली की 20 च्या आसपास उरतात. मग खोक्यावर ‘4 × 50 वॉट’ कसं छापलेलं असतं? 14.4 चा थेट वर्ग करा, 4 ने भागा, 51.84 येतात. लहरीचा आकार चौकोनी होईपर्यंत, म्हणजे आवाज पार फाटेपर्यंत, सेट पिळला तर मिळणारा हा आकडा आहे. चांगल्या कंपन्यांच्या माहितीपुस्तकात बारीक अक्षरांत खरा आकडाही दिलेला असतो: दर चॅनेलला 14 ते 22 वॉट. खरेदी करताना हीच ओळ वाचावी.

एवढी ताकद शहरातल्या रहदारीत पुरते. महामार्गावर काच खाली असताना, टायरचा घोंगाट कानात असताना खर्ज ऐकू यावा असं वाटलं, की ती कमी पडू लागते. यावर दोन उपाय आहेत. एक, कमी ओहमचे स्पीकर वापरायचे. तेवढ्याच व्होल्टला 2 ओहमच्या स्पीकरमध्ये दुप्पट शक्ती जाते. दुसरा, ॲम्प्लिफायरच्या पोटात व्होल्टेज वाढवणारं सर्किट घालायचं. दोन्हींत उष्णता खूप निर्माण होते आणि डॅशबोर्डच्या चिंचोळ्या खोबणीत ती मावत नाही. सेटची पारंपरिक खोबण जेमतेम 180 मिलिमीटर रुंद आणि 50 मिलिमीटर उंच, दुप्पट उंचीची असली तरी 100 मिलिमीटर. म्हणून ॲम्प्लिफायर तिथून बाहेर पडला आणि गाडीत दुसरीकडे जाऊन बसला.

या वाटचालीतला एक महत्त्वाचा टप्पा 1983 च्या मॉडेलांचा. जनरल मोटर्सच्या डेल्को विभागाने बोस कंपनीबरोबर तयार केलेली यंत्रणा कॅडिलॅक सेव्हिलसारख्या महागड्या गाड्यांत आली. तिच्यात प्रत्येक स्पीकरला त्याचा स्वतःचा ॲम्प्लिफायर होता आणि त्या त्या गाडीच्या आतल्या भागासाठी ध्वनी खास जुळवलेला होता. कंपनीचे संस्थापक अमर बोस हे एमआयटीतले प्राध्यापक. त्यांचे वडील ब्रिटिशांविरुद्धच्या चळवळीत भाग घेऊन बंगालमधून अमेरिकेत गेलेले. बोस यांची धारणा अशी, की गाडीतल्या काचा, सीट आणि माणसांची जागा आधीच ठाऊक असते, त्यामुळे दिवाणखान्यापेक्षा गाडीत ध्वनी अधिक नेमका जुळवता येतो. ही धारणा पुढे सगळ्या उद्योगाने उचलली आणि स्टीरिओ बदलणाऱ्यांची अडचणही तिथूनच सुरू झाली. कारण जुळवणी एकदा ॲम्प्लिफायरमध्ये कोरली गेली, की समोरचा सेट त्या साखळीतला फक्त एक दुवा उरतो.

आपल्या गाडीत असा ॲम्प्लिफायर आहे का, हे ओळखायला फारशी साधनं लागत नाहीत. स्पीकरच्या जाळीवर बोस, जेबीएल, हरमन, सोनी असं नाव असेल तर शक्यता दाट, पण नुसत्या नावावर विसंबू नये. काही गाड्यांत नाव असतं आणि वेगळा डबा नसतो. डिकीत कंपनीचा सबवूफर असेल तर ॲम्प्लिफायर जवळजवळ नक्की समजा. खरी खात्री मल्टिमीटरने होते. सेट बाहेर काढा, मागचा कपलर सोडवा आणि स्पीकरच्या एका जोडीच्या दोन पिनांमधला रोध मोजा. 4 ओहमचा स्पीकर थेट जोडलेला असेल तर मीटर 3.2 ते 3.8 च्या आसपास दाखवतो. मध्ये ॲम्प्लिफायर असेल तर आकडा शेकडो किंवा हजारो ओहमवर जातो, कधी काहीच दाखवत नाही. मीटर नसेल तर भिंतीवरच्या घड्याळाचा 1.5 व्होल्टचा सेल घ्या आणि त्याची दोन टोकं त्या पिनांना क्षणभर लावा. थेट जोडलेला स्पीकर ‘टक्‌’ करतो. जाळी काढलेली असेल तर त्याचा कागदी शंकू पुढे येताना डोळ्यांना दिसतो. सेलचं धन टोक स्पीकरच्या धन तारेला लागलं असेल तरच तो पुढे येतो, उलट लागलं तर मागे जातो. म्हणजे तारांची दिशाही इथेच कळते. ही दिशा उलटसुलट झाली तर डावा आणि उजवा स्पीकर एकमेकांचा खर्ज खातात आणि गाणं पोकळ वाटतं. सेल लावून काहीच ऐकू आलं नाही, तर वाटेत ॲम्प्लिफायर आहे असं धरून चाला.

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे. आवाज कुठे वाढतो, या हिशोबाने कंपन्यांच्या यंत्रणा ढोबळमानाने तीन घराण्यांत मोडतात.

पहिलं घराणं सरळ. सेटमधून लहानमोठा होणारा ध्वनी तारेने ॲम्प्लिफायरकडे जातो, तो त्याला ठरावीक पटीने मोठा करतो आणि स्पीकरला देतो. व्हॉल्यूम सेटमध्येच. अशा गाडीत ॲम्प्लिफायरला दोनच गोष्टी हव्या असतात: योग्य पातळीचा ध्वनी, आणि ‘ऊठ’ असं सांगणारे 12 व्होल्ट. हे 12 व्होल्ट देणारी तार नव्या सेटवर निळी-पांढरी असते. बाजारातल्या बहुतेक सेटच्या तारांचे रंग ठरलेले आहेत. पिवळी तार बॅटरीवरून कायम, लाल चावी फिरवल्यावर, काळी अर्थची. पांढरी, राखाडी, हिरवी आणि जांभळी या चार स्पीकरच्या धन तारा, आणि त्यांच्याच जोडीला काळी रेघ असलेल्या ऋण तारा. नुसती निळी तार अँटेनासाठी असते. काही सेटमध्ये तिला फक्त रेडिओ चालू असतानाच वीज मिळते. ॲम्प्लिफायर चुकून तिच्यावर जोडला, तर रेडिओ वाजतो आणि ब्लूटूथ लावलं की गाडी गप्प होते. निळी-पांढरी तार फार भार सोसत नाही. अनेक कंपन्यांच्या पुस्तकात 300 मिलिअँपिअर ही कमाल मर्यादा दिलेली आहे. तिच्यावर पंखे, दिवे असलं काही चढवू नये.

ध्वनीची पातळी जुळवणं हे याहून नाजूक काम. सेटच्या मागे आरसीए सॉकेट असतात, त्यांतून 2 व्होल्टपर्यंत, चांगल्या सेटमधून 4 किंवा 5 व्होल्टपर्यंत ध्वनी बाहेर पडतो. स्पीकरच्या तारांतून मात्र 20 वॉटला सुमारे 9 व्होल्ट बाहेर येतात. कंपनीचा ॲम्प्लिफायर यांतलं काय मागतो, ते गाडीगणिक बदलतं. कमी मागणाऱ्याला जास्त दिलं तर बटण पाचवर नेताच गाडी दणाणते, शिवाय सतत बारीक ‘स्स्स’ ऐकू येतो. जास्त मागणाऱ्याला कमी दिलं तर बटण शेवटपर्यंत फिरवूनही आवाज मिळमिळीत. यासाठी मध्ये पातळी बदलणारा लहानसा कन्व्हर्टर घालतात.

एक धोका इथेच सांगायला हवा, कारण त्यात सेट कायमचा जाऊ शकतो. नव्या सेटच्या स्पीकरच्या ऋण तारा म्हणजे अर्थ नव्हेत. ब्रिज पद्धतीत धन आणि ऋण, दोन्ही तारांवर बॅटरीच्या निम्मे, म्हणजे सहा-सात व्होल्ट कायम असतात. आरसीएचं बाहेरचं कडं मात्र थेट अर्थला जोडलेलं असतं. घाईत कुणी स्पीकरच्या तारा कापून आरसीएच्या पिनांना डकवल्या आणि ॲम्प्लिफायरचा तो भाग अर्थला जोडलेला निघाला, की सेटमधली चिप जळते. ‘चारही ऋण तारा एकत्र करून बॉडीला लावा’ हा सल्ला जुन्या कॅसेट डेकच्या काळातला आहे. आज तो कुणी दिला तर त्याच्या हातात गाडी देऊ नये.

आवाज आला आणि त्याच्यासोबत एक शीळही आली, असं बऱ्याचदा होतं. ॲक्सिलरेटर दाबला की शीळ चढते, सोडला की उतरते. ही शीळ अल्टरनेटरची. 12 ध्रुवांचा अल्टरनेटर घेऊ. इंजिन मिनिटाला 800 फेऱ्यांवर असताना पट्ट्यामुळे अल्टरनेटर सुमारे अडीच पट वेगाने, म्हणजे 2000 फेऱ्यांनी फिरतो. तीन फेजच्या विजेचं रूपांतर होताना तिच्यावर सेकंदाला सुमारे 1200 लहरी उरतात. इंजिन 3000 वर नेलं की त्या 4500 होतात. दोन्ही संख्या माणसाच्या कानाच्या अगदी संवेदनशील पट्ट्यात पडतात, म्हणून ती शीळ इतकी टोचते. ती ध्वनीत शिरण्याचं सर्वसाधारण कारण म्हणजे सेटचा अर्थ डॅशबोर्डमागे एका ठिकाणी आणि ॲम्प्लिफायरचा डिकीत दुसऱ्या ठिकाणी असणं. दोन्ही जागांच्या व्होल्टेजमध्ये किंचित फरक असतो आणि तो ध्वनीच्या तारेतून वाहू लागतो. कंपनीने यावर आधीच तोडगा काढलेला असतो. तिच्या ॲम्प्लिफायरला प्रत्येक चॅनेलसाठी दोन तारांची संतुलित जोडी जाते आणि तो दोन तारांमधला फरक तेवढा ऐकतो. दोन्हींवर सारखी बसलेली शीळ आपोआप वजा होते. आपण जोडीतली एक तार अर्थला बांधून टाकली की हे संरक्षण गेलं. म्हणून संतुलित जोडी जपणारा कन्व्हर्टर घ्यावा. बाजारात मिळणारा स्वस्त फिल्टर तारेत घालून शीळ कमी होते खरी, पण त्यासोबत खर्जही पातळ होतो.

दुसरं घराणं जरा वेगळ्या चालीचं. इथे सेटमधून ध्वनी कायम एकाच पातळीवर निघतो आणि तुम्ही बटण फिरवलं की ‘आवाज 12 वरून 13 कर’ असा अंकी निरोप डेटाच्या तारेवरून जातो. आवाज वाढतो तो ॲम्प्लिफायरमध्ये. खर्ज, तीव्र, पुढचे-मागचे स्पीकर, सगळं निरोपावर चालतं. असे निरोप वाहून नेणारं कॅन हे जाळं बॉश कंपनीने 1986 मध्ये डेट्रॉइटच्या परिषदेत मांडलं आणि पुढे ते गाड्यांमध्ये सर्वत्र पसरलं. अशा गाडीत साधा सेट जोडला तर ॲम्प्लिफायर जागाच होत नाही, कारण त्याला 12 व्होल्टची तार नसते, निरोपाची वाट असते. काही गाड्यांत तो जागा होतो, पण शेवटच्या निरोपातल्या पातळीवरच अडकून राहतो.

उपाय आहे. गाडीची भाषा बोलणारा इंटरफेस मिळतो. मेट्राचा ॲक्सेस, पॅक, आयडेटालिंकचा मायेस्ट्रो ही अमेरिकेतली प्रसिद्ध नावं. त्यांची कामाची पद्धत अशी, की गाडी चालू होताच इंटरफेस ॲम्प्लिफायरला ठरावीक पातळीवर नेऊन ठेवतो आणि व्हॉल्यूमचं काम नव्या सेटकडे सोपवतो. म्हणजे दुसऱ्या घराण्यातली गाडी तो पहिल्या घराण्यात आणून बसवतो. किंमत बऱ्याचदा मध्यम दर्जाच्या सेटच्या आसपास जाते. ती वाचवण्यात मला शहाणपण दिसत नाही.

आपल्याकडे अँड्रॉइड सेटबरोबर कॅनबॉक्स नावाची छोटी डबी येते. ती स्टिअरिंगची बटणं, दाराची सूचना, रिव्हर्स गिअर इतकं वाचते. ॲम्प्लिफायरला निरोप देणं तिला येतंच असं नाही. दुकानात ‘कॅनबॉक्स दिलाय, सगळं चालेल’ असं सांगतात तेव्हा नेमकं विचारावं: माझ्या व्हेरिएंटमधला कंपनीचा ॲम्प्लिफायर यावर चालू होतो का? तीच गाडी, तेच साल, पण खालच्या व्हेरिएंटमध्ये ॲम्प्लिफायर नसतो आणि वरच्यात असतो. कपलर गाडीच्या नावावर विकला जातो, व्हेरिएंटवर नाही. बहुतांश गोंधळ इथे होतो.

तिसरं घराणं प्रकाशाचं. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी, पोर्शे, व्होल्वो यांच्या अनेक गाड्यांत ध्वनी तांब्याच्या तारेतून न जाता 1 मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकच्या तंतूतून लाल प्रकाशाच्या रूपाने जातो. या पद्धतीचं नाव मोस्ट. 2001 च्या बीएमडब्ल्यू 7 मालिकेत ती पहिल्यांदा रस्त्यावर आली. सेट, ॲम्प्लिफायर, सीडी चेंजर, फोनचा भाग असे सगळे घटक एका वर्तुळात जोडलेले असतात. एकातून निघालेला प्रकाश दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, आणि फिरून पहिल्याकडे. फेर धरलेल्या मुलांपैकी एकाने हात सोडला की सगळा फेर तुटतो, तसं इथे एक घटक काढला की बाकीचे सारे मुके होतात. चालू गाडीत कपलर सोडवला तर तंतूच्या तोंडाशी लाल ठिपका दिसतो. तो दिसला म्हणजे मागच्या घटकापर्यंत वर्तुळ शाबूत आहे, हे कारागिराला कळतं. तंतू 25 मिलिमीटरपेक्षा लहान त्रिज्येत वाकवला तर प्रकाश बाहेर गळतो आणि आवाज तुटू लागतो. डॅशबोर्डमागे कोंबाकोंबी करणाऱ्यांकडून हे हमखास होतं.

अशा गाडीत मूळ सेट काढून टाकण्याचा हट्ट धरू नये. अनुभवी कारागीर मूळ युनिट वर्तुळात तसंच ठेवतात, नवा पडदा वर बसवतात आणि त्याचा ध्वनी मूळ युनिटच्या ऑक्समधून, म्हणजे बाहेरचा ध्वनी घेणाऱ्या सॉकेटमधून, आत सोडतात. गुणवत्ता थोडी उतरते, पण गाडीची बाकीची यंत्रणा सुखरूप राहते. खर्चाची तयारी असेल तर मोस्टच्या वर्तुळात बसून ध्वनी बाहेर काढणारे इंटरफेसही मिळतात. आता नव्या गाड्यांत याच कामासाठी ए-टू-बी नावाची पद्धत आली आहे. तिच्यात एका साध्या पीळ दिलेल्या तारजोडीवरून अनेक चॅनेलचा अंकी ध्वनी जातो.

एवढं सगळं टाळून ॲम्प्लिफायरच काढून टाकावा आणि सेटमधून थेट स्पीकरपर्यंत नव्या तारा ओढाव्यात, असंही पुष्कळांना वाटतं. मार्ग खुला आहे, पण स्पीकर कोणते आहेत ते पाहून. कंपनीचा स्पीकर 2 ओहमचा किंवा त्याहून कमी असेल आणि सेट 4 ओहमसाठी बनलेला असेल, तर सेट तापतो आणि स्वतःला बंद करतो किंवा जळतो. दुसरा प्रश्न ट्वीटरचा. ॲम्प्लिफायर असलेल्या गाडीत ध्वनीची विभागणी त्याच्या आतच होते: जाड सूर दाराच्या स्पीकरला, बारीक सूर ट्वीटरला. ॲम्प्लिफायर काढला की ही विभागणी गेली. ट्वीटरच्या केसासारख्या तारेवर खर्ज पडला की ती काही मिनिटांत तुटते. 10 मायक्रोफॅरडचा ध्रुवरहित कपॅसिटर त्याच्या तारेत घातला, तर 4 ओहमला सुमारे 4000 हर्ट्‌झच्या खालचा ध्वनी अडवला जाऊ लागतो. अडवणूक हळूहळू होते, भिंतीसारखी नाही. पण ट्वीटर वाचतो. दहा-वीस रुपयांचा हा भाग न घातल्यामुळे महागडे ट्वीटर जळतात, याचं वाईट वाटतं.

काढण्याआधी आणखी एका गोष्टीचा विचार व्हावा. कंपनीच्या ॲम्प्लिफायरमध्ये गाडीच्या आतल्या भागासाठी केलेली जुळवणी भरलेली असते. चालकाच्या कानापासून उजव्या दाराचा स्पीकर जवळ आणि डाव्याचा मीटरभर लांब. ध्वनी सेकंदाला 343 मीटर जातो, म्हणजे लांबच्या स्पीकरचा आवाज जवळजवळ 3 मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. काही ॲम्प्लिफायर जवळचा स्पीकर तेवढाच थांबवून हा फरक मिटवतात. आवाज वाढवत नेला की छोटे स्पीकर फाटू नयेत म्हणून खर्ज हळूच कमी करणारेही आहेत. स्पीकर तेच ठेवायचे असतील तर ही जुळवणी फायद्याची. नवा सेट जोडल्यावर त्याचा इक्वलायझर सपाट ठेवावा, नाहीतर एका जुळवणीवर दुसरी चढते. स्पीकरही बदलायचे असतील तर मात्र तीच जुळवणी आडवी येते, कारण ती जुन्या स्पीकरच्या उणिवा भरून काढण्यासाठी केलेली असते. तेव्हा ॲम्प्लिफायरही बदलावा.

ध्वनीच्या साखळीवर हल्ली गाण्यांखेरीज बरंच काही चालतं. जनरल मोटर्सच्या अनेक गाड्यांत सीटबेल्टची आणि इंडिकेटरची टिकटिक रेडिओतूनच येते. रेडिओ गेला की तीही गेली. होंडाच्या काही गाड्यांत छतातल्या मायक्रोफोनने इंजिनाची घरघर ऐकून स्पीकरमधून तिच्या उलट लहर सोडली जाते. सेट किंवा ॲम्प्लिफायर बदलला आणि ही यंत्रणा तशीच राहिली, तर ती गोंधळते आणि गाडीत घुमल्यासारखा आवाज येऊ लागतो. तिचा मायक्रोफोन किंवा मॉड्यूल सोडवावं लागतं. भारतात 1 जुलै 2019 पासून बनणाऱ्या प्रवासी गाड्यांत सीटबेल्टची आठवण, 80 किलोमीटरच्या वर वेगाची सूचना आणि रिव्हर्स सेन्सर बंधनकारक आहेत. तुमच्या गाडीत या सूचना मीटरमधल्या बझरवरून येतात की स्पीकरमधून, हे जुना सेट काढण्याआधी कान देऊन पाहावं. या सूचना माणसांचे जीव वाचवण्यासाठी आहेत. त्या गमावून मिळालेला मोठा पडदा कोणत्याही किमतीला महागच.

पुण्यात बनणाऱ्या टाटा हॅरिअरच्या वरच्या व्हेरिएंटमधली जेबीएल यंत्रणा किंवा चाकणला तयार झालेल्या महिंद्रा एक्सयूव्ही 700 मधली बारा स्पीकरची सोनीची यंत्रणा घ्या. अशा गाड्यांत पडद्यातच एसीपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळं गुंफलेलं असतं. तिथे मूळ पडदा हलवू नये असं मी ठामपणे सांगेन. आवाज सुधारायचा असेल तर कंपनीच्या ॲम्प्लिफायरनंतर डीएसपी, म्हणजे ध्वनीवर अंकी प्रक्रिया करणारा डबा, बसवावा, त्यात जुळवणी करावी आणि नवे स्पीकर त्यावर चालवावेत. याउलट दहा-बारा वर्षं जुनी, पहिल्या घराण्यातली गाडी असेल तर सेट जरूर बदलावा. योग्य कपलर आणि कन्व्हर्टर मिळाला की ते काम एका दुपारचं आहे आणि गाडीत जीव आल्यासारखं वाटतं.

काम सुरू करताना बॅटरीचं ऋण टोक सोडवावं आणि काही मिनिटं थांबावं. डॅशबोर्डच्या त्या भागात एअरबॅगच्या पिवळ्या तारा असतात, त्यांना हात लावू नये. मूळ कपलर कापू नये. वॉरंटीचा प्रश्न आहेच, शिवाय पुढे गाडी विकताना जुना सेट परत बसवायचा झाला तर कापलेल्या तारांचा गुंता सोडवताना नाकी नऊ येतात. तारा पीळ देऊन चिकटपट्टीने गुंडाळण्यापेक्षा सोल्डर करून त्यांवर आकुंचन पावणारी नळी चढवावी. आपल्याकडच्या उन्हात बंद गाडीतला चिकटपट्टीचा गोंद वितळतो आणि वर्षभरात तारा उघड्या पडतात.

सगळं वाजू लागल्यावर एक शेवटची तपासणी राहते आणि नेमकी तीच वगळली जाते. जागं करणारी तार बॅटरीच्या कायम वाहिनीवर जोडलेली असेल, तर ॲम्प्लिफायर गाडी बंद केल्यावरही जागाच राहतो. गाणं नसताना तो 0.8 अँपिअर घेत असेल असं धरा. दिवसाला 19 अँपिअर-तास गेले. 45 अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांत इतकी उतरते की स्टार्टर फिरत नाही, आणि दोष बॅटरीवर येतो. हे टाळायला मल्टिमीटर 10 अँपिअरच्या जागी लावून बॅटरीच्या ऋण टोकाशी मालिकेत जोडा. बॉनेट उघडं असलं तरी त्याच्या लॅचमध्ये स्क्रूड्रायव्हर दाबून ते बंद असल्याचं गाडीला भासवा, दारं लावा, चावी दूर ठेवा. मीटर जोडलेला असताना गाडी सुरू करू नका. नव्या गाड्यांतले संगणक झोपी जायला अर्धा तासही घेतात, तेवढं थांबा. नंतर आकडा 50 मिलिअँपिअरच्या खाली स्थिरावला तर जोडणी ठीक आहे. त्याहून जास्त राहिला तर ॲम्प्लिफायरचा फ्यूज काढून पाहा. आकडा पडला, तर निळी-पांढरी तार कुठे जोडली आहे ते पुन्हा उघडून तपासा.